शोशाम्माची आंघोळ

नाव विलासिनी, आणि जन्म गेला परक्यांची ढुंगणं धुण्यात. हे मी नाही म्हणत, तीच म्हणायची, आणि म्हणताना तोंड असं वाकडं करायची की समोरच्याच्या घशाखाली चहा उतरू नये. आमच्या केरळात, थिरुवल्ला बाजूला, होम नर्स घरोघरी. मुलं अमेरिकेत नाहीतर आखातात, चकचकीत फरशीच्या बंगल्यात एक म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं, आणि त्याच्या उशाशी डोंगराकडून आलेली एक बाई. विलासिनी तिकडच्या कट्टप्पना गावची. वेलदोड्याच्या मळ्यात कंबर मोडून घेण्यापेक्षा हे बरं, असं समजून तरुणपणी खाली उतरली आणि पहिल्याच घरी मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

लोक म्हणतात, सवय होते. कसली डोंबलाची सवय! विलासिनीला ती कधीच झाली नाही. शी, शू, पाठीच्या जखमेतला पू, कवळीचा वास, सगळ्याची तिला शिसारी यायची. दाढेखाली लवंग धरायची, तोंडाने श्वास घ्यायची आणि हात चालवायची. हात मात्र नेटका. ‘मला बाई आजाऱ्यात देव दिसतो’ म्हणणाऱ्या नर्सा तिच्या डोक्यात जायच्या. अशा एकीला तिने तोंडावर विचारलं होतं, देव दिसतो तर त्याच्या वाटणीचं दूध तू का पितेस. स्वतः मऊ म्हणून काही खायची नाही. पेज नाही, पिकलं केळं नाही, पायसम नाही. बोळक्या तोंडांतून पेज परत ओघळताना इतकी पाहिली होती की ताटात दिसली तरी पोटात ढवळायचं. आमच्याकडची बाई आणि पेज खात नाही, यावरून प्रत्येक घरी एकदा तरी टिंगल व्हायचीच.

शोशाम्माच्या घरी ती आली तेव्हा म्हातारीची डावी बाजू गेलेली होती. जीभ जड झाली होती, पण धार तशीच होती. पहिल्याच दिवशी चादर बदलताना शोशाम्माने लवंगेचा वास ओळखला आणि विचारलं, किळस येते का. विलासिनी म्हणाली, येते. म्हातारी म्हणाली, “येऊ दे. मलाही येते.” तिथून दोघींचं जमलं.

ही शोशाम्मा म्हणजे जुन्या वळणाची ख्रिस्ती बाई. जन्मभर सैल पोलक्यासारखी पांढरी चट्टा अंगात, कमरेला लुंगीसारखं नेसलेलं पांढरं मुंडू, मागे पंख्यासारख्या निऱ्या. धाकटा दीर अवराच्चन शेजारच्याच घरात राहतो. तोही आता म्हातारा झाला, पण तो समोर आला की हिचा हात खांद्यावरचं वस्त्र सारखं करायला जायचाच. आजारपणात ते सगळं गेलं. काढायला-घालायला सोपा म्हणून रेजीने, म्हणजे तिच्या अमेरिकेतल्या एकुलत्या मुलाने, फुलाफुलांचे गाऊन घेऊन ठेवले. त्या गाऊनात तिला कुणीतरी भलतीच बाई करून ठेवल्यासारखं वाटायचं. म्हणायची, माझं मढं तरी चट्टा-मुंडूत न्या रे बाबांनो.

आणि तिच्या पलंगासमोर, दारावर, होता तो कॅमेरा. पांढरा, पेरूएवढा, पोटाशी हिरवा ठिपका. पलंग दवाखान्यातला, जडशीळ, आणि रेजीने तो मापं घेऊन बरोबर समोर लावून घेतलेला. अम्मच्चीला, म्हणजे आईला, सांगू नका, उगाच घाबरेल, विचारलंच तर डास मारायचं यंत्र म्हणा, असं त्याने फोनवर बजावलं होतं. म्हातारीने विचारलं आणि विलासिनीने बेलाशक सांगितलं, डास मारायचं यंत्र. मग रेजीचे फोन. उशी खाली सरकलीय. पंखा कमी करा. आज तुम्ही बराच वेळ खिडकीत उभ्या होतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. विलासिनी चरफडायची, पण लांब राहणारा मुलगा आहे, चैन पडत नसेल, म्हणून सोडून द्यायची. म्हातारीला मोरीत नेता यायचं नाही, आंघोळ पलंगावरच, ओल्या पंच्याने. त्या वेळी पोटचा पोरगा मान वळवत असेलच की, असं तिला वाटायचं. वाटायला काय जातं!

एका दुपारी ती अवराच्चनच्या घरी रिकामं भांडं परत द्यायला गेली. त्याची बायको त्यातून कालवण धाडायची. बायको चर्चच्या बायकांत गेली होती, मागचं दार उघडं होतं. अवराच्चन जेवत होता. समोर कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओकाचा कंद, लालभडक माशाचं कालवण, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केलेला फोन. फोनमध्ये शोशाम्मा. तोंड उघडं टाकून झोपलेली, गाऊन गुडघ्याच्या वर गेलेला. अवराच्चन घास घेत होता, बघत होता, बोटं चाटत होता.

दचकला म्हणाल तर तेही नाही. ये ये, म्हणाला, वहिनीला आता कुशीवर वळव, वेळ झाली. विलासिनीने भांडं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, आंघोळीच्या वेळीही दिसतं का यात.

“सगळं दिसतं,” अवराच्चन माशाचा काटा काढत म्हणाला. “रेजीनेच सांगितलंय लक्ष ठेवायला. तो तिथून, मी इथून, दोघंही बघतो. सोमवारी तू मांड्यांच्या मधे नीट पुसलं नाहीस.”

विलासिनीच्या पोटातून जे वर आलं ते इतक्या वर्षांत कुठल्या बेडपॅनने आणलं नव्हतं. वासाला लवंग आहे, घाणीला साबण आहे. ह्याला काय होतं? ती नळाखाली कोपरापर्यंत हात धूत राहिली, आणि हात कशाला धुतोय हे तिचं तिलाच कळेना. त्यात एक वाटा तिचाही होता, याचीच जास्त शिसारी. डास मारायचं यंत्र म्हणे!

संध्याकाळी तिने म्हातारीला सगळं सांगितलं. यंत्र कसलं, त्यात काय दिसतं, कोण बघतं. शोशाम्माने एकच विचारलं, अवराच्चनसुद्धा? विलासिनी हो म्हणाली. म्हातारीने उजवा हात उचलला आणि खांद्यावर नसलेलं वस्त्र ओढत राहिली.

मग मात्र म्हणाली, झाक ते. विलासिनी स्टुलावर चढली आणि तिने कॅमेऱ्यावर जाडसा पंचा बांधला. पाय खाली टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. रेजीचा आवाज खोलीभर ऐकू यायला लागला, कारण म्हातारीनेच फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. तो तावातावाने बोलत होता. पंचा कशाला, काय लपवायचंय, एजन्सीला कळवीन. शोशाम्मा मधेच म्हणाली, रेजी, आंघोळीच्या वेळी तरी नको रे. तो हसला. अगदी मायेने हसला, हेच वाईट.

“अम्मच्ची, या वयात तिथे बघण्यासारखं आहे काय? तुझ्याच काळजीपोटी लावलंय ना ते?”

“मग तुझ्या बायकोच्या न्हाणीघरातही एक लाव,” शोशाम्मा सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली. “मी इथून बघत जाईन. मलाही तिची काळजी आहे.”

मग तो विलासिनीवर घसरला. हे सगळं तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत, उद्या सकाळपर्यंत पंचा काढा, नाहीतर चालू लागा, दुसरी येईल. आणि ठेवून दिला फोन.

विलासिनी बॅग भरायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काम सोडताना बरं वाटत होतं. ओकून झाल्यावर वाटतं ना मोकळं, तसं. या घराचं पाणीसुद्धा नको, असं बडबडत ती साड्या कोंबत होती. म्हातारी पलंगावरून बघत होती. शेवटी म्हणाली, दुसरी येईल ती पंचाही बांधणार नाही आणि आडोशाला चादरही धरणार नाही. विलासिनी म्हणाली, मला नाही सहन होत अम्मच्ची, मला किळस येते.

“तू गेलीस की तुझी किळस जाईल,” शोशाम्मा म्हणाली. “माझी कुठे जाईल?”

विलासिनीने बॅगेची चेन ओढली आणि पुन्हा उघडली. साड्या जागच्या जागी ठेवल्या आणि म्हातारीवर जाम चिडली, कारण आता जाताही येईना.

सकाळी शोशाम्माने पेटीतून चट्टा-मुंडू काढायला लावलं. डांबरगोळ्यांचा वास मारत होता. निम्मं अंग मेलेलं, तिला त्यात घालेपर्यंत दोघी घामाघूम झाल्या. पडलेल्या माणसाच्या मागे निऱ्या कुठल्या घालायच्या, पण तिने हट्ट धरला, म्हणून विलासिनीने त्या बाजूला पंख्यासारख्या मांडल्या. उशा लावून म्हातारीला बसतं केलं. मग म्हातारी म्हणाली, उघड ते.

विलासिनीला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण तिने पंचा सोडला. हिरवा ठिपका दिसला तशी शोशाम्मा त्याच्याकडे बघून बोलायला लागली, दारात पाहुणे आल्यावर बोलतात तशी.

“रेजी, ऐकू येतंय ना? अवराच्चा, आहेस ना तिथे? बसा दोघं नीट. आता ही माझी चट्टा काढेल. मग मुंडू. मग तुझ्या आईच्या मांड्या पुसेल, रेजी. अवराच्चा, तुझ्या मेलेल्या भावाच्या बायकोच्या. बघा हं. मी तुम्हाला अडवत नाही.” आणि विलासिनीला म्हणाली, “काढ.”

विलासिनीने तोवर शेकड्यांनी म्हातारी माणसं उघडी केली होती. पण या गुंडीला हात घालण्याआधी तिला दाढेखाली दोन लवंगा धराव्या लागल्या. म्हातारी गप्प बसेना. आता छाती पुसतेय, रेजी, तू प्यालास ती. आता पोट. आता कुशीवर वळवतेय. एकेक गोष्ट नावं घेऊन, स्वच्छ, जड जिभेने. विलासिनीला रडू येत होतं आणि ओकारीही येत होती, आणि यातलं आधी काय येतंय ते समजत नव्हतं. आंघोळ संपली. फोन आला नाही. हिरवा ठिपका तसाच होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चट्टा-मुंडू. या वेळी म्हातारीने रस्त्याकडची खिडकी उघडायला लावली. रविवार होता, माणसं चर्चला निघाली होती. शोशाम्मा बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, रेजी, बघ रे, अवराच्चा, बघ रे. फाटकाशी दोघी बायका थबकल्या. मागून आणखी कुणी आलं.

अवराच्चन धावत आला. विलासिनीने घाईघाईने म्हातारीला डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळलं. तो दारातच पाठ फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, गप्प बस, लोक ऐकतायत. बघा! इतके दिवस जेवता जेवता बघणारा हा माणूस आता भिंतीकडे तोंड करून उभा होता. जनाची नाही तर मनाची तरी, असं आपण म्हणतो. याला मनाची नव्हतीच, जनाची तेवढी होती. पण तेवढीच कामाला आली. तो स्टुलावर चढला आणि त्याने कॅमेऱ्याची वायर ओरबाडून काढली. ठिपका विझला.

तो खाली उतरतोय तोवर त्याच्या खिशातला फोन वाजला. अवराच्चन तो कानाला लावून व्हरांड्यात गेला, म्हणाला, उंदराने वायर तोडली रे, बघतो, करून घेतो. विलासिनी दार लावायला मागोमाग गेली होती. रेजीचा आवाज तिने स्पष्ट ऐकला.

तिने दार लावलं, खिडकी लावली, चादर बाजूला केली. म्हातारीचं तोंड उकाड्याने लाल झालं होतं आणि डोळ्यांत एक वेडी आशा होती, लहान पोराच्या असते तसली. तिने विचारलं, “रेजीने सांगितलं ना त्याला? काढ म्हणून?”

हो म्हणणं सोपं होतं. विलासिनीच्या जिभेवर आलंही होतं. पण डासांचं खोटं एकदा बोलून झालं होतं, आणि त्याची चव अजून तोंडात होती.

“नाही अम्मच्ची,” ती म्हणाली. “मधेच दिसायचं बंद का झालं, ते विचारत होता.”

शोशाम्मा विझलेल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग तिने उजव्या हाताने स्वतःच चट्टाची गुंडी सोडायला घेतली.

“पाणी निवतंय,” ती म्हणाली. “आटप.”