डावा स्पीकर

आमचे हे रेल्वेत ड्रायव्हर होते. पूर्णेहून गाडी घेऊन जायचे, दुसऱ्या दिवशी परतायचे, आणि अंघोळ झाली की आधी कव्वाली लावायचे. पुढच्या खोलीत एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर आणि वायरनं जोडलेला मोबाईल, एवढीच आमची सिस्टीम. गेल्या वर्षी त्यांची कुरकुर सुरू झाली. डावा स्पीकर दबून वाजतो, शब्द कळत नाहीत. कुठंतरी वाचून त्यांनी ठरवलं, मोबाईलचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला पुरत नाही, मधे आवाज वाढवणारा वेगळा प्रीअँप पाहिजे.

मी शाळेत शिकवते, यंत्रातलं मला कळत नाही. पण आवाज अर्ध्यावर असला तरी शेजारच्या बाई भिंत ठोकायच्या. मग कमी कुठं पडायलाय? हे विचारलं की ते चिडायचे. परभणीच्या दुकानदारानंही सांगितलं की खोली भरून आवाज येत असेल तर गरज नाही. तरी ओळखीचा म्हणून त्यानं एक प्रीअँप लावून बघायला दिला. तो जोडल्यावर आवाज आणखी मोठा झाला. डावीकडचं गाणं त्यांना तसंच दबलेलं वाटत राहिलं.

रविवारी दुपारी त्यांनी दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष असेल तर तो आता उजवीकडं जायला हवा होता. तरी डावाच दबलेला. म्हणजे स्पीकरच गेला, असं मी म्हणाले. स्टुलावर फिरून त्यांनी स्पीकरकडं पाठ केली आणि मान खाली घालून ऐकत बसले. आता डाव्या हाताला आलेला दुसराच स्पीकर त्यांना दबलेला ऐकू येत होता.

"तुला दोन्ही सारखेच ऐकू यायलेत का?" त्यांनी विचारलं.

"सारखेच यायलेत."

त्यांनी गाणं बंद केलं. मला कळायला थोडा वेळ लागला, दबलेला होता तो त्यांचा डावा कान. इंजिनात ड्रायव्हर आणि सहायक एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. सहायक यांच्या उजव्या हाताला बसतो, म्हणून आजवर निभावलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडी घेऊन जायचं होतं. रेल्वेची डॉक्टरी तपासणी अजून लांब आहे, तोवर कुणाला कळणार नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मी म्हणाले, "मागं डबे भरून माणसं असतात."

संध्याकाळ झाली. जेवायच्या आधी त्यांनी साहेबांना फोन केला, कानाला त्रास हाय, गाडी घेऊन जाऊ शकत नाही म्हणून. फोन ठेवल्यावर त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं.

डॉक्टरांनी तपासून डाव्या कानाची नस कमजोर झाल्याचं सांगितलं. त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि ऑफिसात बसायचं काम दिलं. प्रीअँप मीच परभणीला नेऊन परत केला.

आता ते रोज वेळेवर घरी येतात. जुने सोबती भेटायला आले तर आतल्या खोलीत जाऊन पडतात. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी उजवा कानही तपासायला बोलावलंय. त्याविषयी त्यांना विचारायचा मला धीर होत नाही.