देवराईचा बिनपगारी नोकर

हातात नोकरी नसताना इतक्या इमानानं नोकरी करणारा दुसरा माणूस आख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडणार नाही, हे मी घोडेगावातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसून छातीठोकपणे सांगू शकतो. तहसील कचेरी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तालुक्यातली निम्मी माणसं कधी ना कधी अर्ज घेऊन माझ्या मशीनसमोर उभी राहतात. त्या सगळ्यांना नोकरी हवी असते, आणि तिच्याबरोबर काम आलंच तर ते चालवून घेतात. माझ्या या मित्राचं उलटं होतं. काम त्याच्याकडे लहानपणापासून होतं, त्या कामाला कुणीतरी नोकरी म्हणावं एवढंच त्याचं मागणं होतं. ते मागता मागता त्याची पन्नाशी उलटली आणि माझं मशीन तीनदा बदललं.

तो माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार. डिंभ्याच्या धरणामागं डोंगरात त्याचं गाव, भाताची चार खाचरं आणि वर नाचणी-वरईचा उतार. शिकायला तो घोडेगावच्या वसतिगृहात राहिला आणि रविवारी आमच्या घरी जेवायला यायचा. आमचे पणजोबा मारवाडातून आले, आम्ही जैन. पीठ चाळताना किडा मरू नये म्हणून आई डोळ्यांत तेल घालून बसायची. तर हा पोरगा अंगणात मुंग्यांची रांग दिसली की ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसायचा. आई म्हणायची, "हा आपल्यापेक्षा पक्का आहे." धरणातले मासे आणि ओढ्यातले खेकडे तो मिटक्या मारत खातो, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्याच्या गावाच्या वरच्या अंगाला वनदेवाची राई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. त्याच्या वडिलांनी ती राई राखली, त्यांच्यामागे याने. उन्हाळ्यात वणवा आत शिरू नये म्हणून राईभोवतीचं गवत कापून, पालापाचोळा झाडून मातीचा पट्टा उघडा करायचा, शेकरूची घरटी मोजून माझ्याच दुकानातल्या शंभरपानी वहीत लिहायची, झऱ्याच्या तोंडातला गाळ काढायचा. गावाच्या हिशेबी हे काम नव्हतं, खोड होती. लग्न ठरता ठरता राहिलं ते या खोडीपायी. मुलगी बघायला गेला आणि त्या घराच्या वळचणीला कुठल्या पाखराचं घरटं आहे हे बघत बसला. पोहे गार झाले आणि मुलगी कशी होती हे परतताना त्याला सांगता येईना. त्याची आई गेली तेव्हा शेवटी एवढंच म्हणाली, "तुझं कायतरी लागू दे रं." ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून निसर्ग, वन, जंगल, पर्यावरण यातला एक शब्द जरी जाहिरातीत असला तरी तो खाली उतरायचा आणि माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायचा.

पण अर्ज आधी देवाकडे जायचा, मग माझ्याकडे. वनदेवाच्या दगडाला दोन फुलं ओली करून चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि समोर बसून राहायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. याला दर वेळी उजवा कौल मिळायचा आणि दर वेळी साहेबांकडून नकार. एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, तुझा देव खोटं बोलतो का?" तो शांतपणे म्हणाला, "शेठ, देव नोकरी लागंल म्हणला न्हाई. अर्ज कर म्हणला." त्याच्या कागदांच्या पिशवीत दाखल्यांच्या मधे वाळवलेली पानं असायची. एकदा जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर पानाच्या शिरा अशा सुबक उमटल्या, की ती प्रत फेकून द्यायला आम्हा दोघांनाही जड गेलं.

वनरक्षकाच्या भरतीत तो लेखीत चांगला निघाला होता. मग धावण्याची चाचणी. डोंगर चढउतार करून पाय कमावलेला गडी. पहिल्या दहांत सहज आला असता. निम्म्या वाटेवर तो थांबला तो थांबलाच. मैदानाच्या कडेला टिटवीनं उघड्या खड्यांत अंडी घातली होती आणि मागून शेदीडशे पोरांचे बूट येत होते. हा दोन्ही हात पसरून तिथं उभा राहिला आणि प्रत्येकाला ओरडून बाजूनं काढू लागला. शेवटचा पोरगा गेल्यावर हा निघाला आणि शेवटचा आला. मी म्हणालो, "अरे, आधी धावायचं, नोकरी घ्यायची, मग जन्मभर अंडी राखायची!" तर म्हणतो, "तवर ती ऱ्हायली असती व्हय?" पुढं वयाची अट आडवी आली आणि ते दार बंद झालं.

नंतर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवाल्यानं त्याला जंगल दाखवायला ठेवलं. ही नोकरी दोन दिवस टिकली. पहिल्याच दिवशी पुण्याची पाहुणेमंडळी राईच्या तोंडाशी नेऊन यानं दोन तास न बोलता बसवून ठेवली. मुलं कंटाळली, एका बाईंच्या पायाला मुंग्या आल्या. कुणीतरी कुजबुजून विचारलं, "दाखवणार काय आहात?" तर हा म्हणाला, "पावणं, म्या काय दाखिवनार? तुमी गप बसा, ते आपसूक दिसतंय." दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच केलं आणि मालकानं हात जोडले.

अर्जातला "अनुभव" हा रकाना तर आमच्या दोघांचा वैरी. एकदा मला ताप होता, म्हणून त्यानं फॉर्म स्वतःच भरून पाठवून दिला. अनुभव : लहानपणापासून. नियोक्त्याचे नाव : श्री वनदेव. पगार : नाही. नोकरी सोडण्याचे कारण : सोडलेली नाही. आठवड्यानं उत्तर आलं, की नियोक्त्याचा दूरध्वनी क्रमांक नमूद करावा. त्यानं ते वाचून स्टुलावर जरा विचार केला आणि म्हणाला, "तुझाच दे की." गावात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळीकडे माझाच नंबर आणि माझ्याच दुकानाचा ईमेल दिलेला असायचा. अशा रीतीनं मी, मारवाड्याचा मुलगा, काही काळ वनदेवाच्या कचेरीत कारकून होतो.

नकार आधी मला कळायचे. मी ते लगेच सांगत नसे. तो खाली उतरेल, चहा घेईल, कुठल्या झाडाला यंदा किती बहर आहे ते सांगेल, आणि मग निघताना मी हळूच म्हणायचो, "त्यांचं काही जमलं नाही रे." तो पिशवी उचलत म्हणायचा, "बरं. फुडला बघू." खरं सांगायचं तर मला या नकारांची सवय झाली होती. बायको चार वर्षं झाली, मुलाकडे पुण्यात नात सांभाळायला गेली आहे. दुकानात दिवसभर माणसं येतात, पण ती कागदासाठी येतात. कागदाखेरीज येणारा हा एकच होता, आणि अर्ज संपले तर हा तरी कशाला खाली येईल, असा एक चोरटा विचार माझ्या मनात अधूनमधून डोकवायचा. मी तो झटकून टाकायचो.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. जुन्नरच्या पार पूर्वेला आण्याच्या पठारावर गवताळ माळ राखायला माणूस हवा होता. तिथंच एका खोलीत राहायचं, एकट्यानं. कौल उजवा मिळाला, अर्ज गेला. काही दिवसांनी दुपारी फोन वाजला. संस्थेच्या बाई होत्या. "काका, तुमचं नाव त्यांनी ओळखीची व्यक्ती म्हणून दिलंय. माणूस कसा आहे, मोकळेपणानं सांगाल?"

समोर स्टूल रिकामं होतं. आणे म्हणजे शेजारच्या तालुक्याचं पार पलीकडचं टोक. गाड्या बदलत जायचं, जाण्यायेण्यात दिवस मोडणार. एकदा गेला की गेला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. हा जाऊ नये, असं आलं. खोटं बोलणं आमच्या घरात बसत नाही. म्हणून मी ठरवलं, की सगळं खरं सांगायचं. खरं ऐकून कुठली शहाणी बाई याला ठेवील? मी म्हणालो, "बाई, माणूस चांगला, पण कामाचा नाही. दोन दोन तास गप्प बसतो. पाहुण्यांना काही दाखवत नाही. मुलगी बघायला गेला आणि घरटं बघून आला. पळायच्या परीक्षेत टिटवीच्या अंड्यांसाठी मधेच उभा राहिला आणि नोकरी घालवून बसला. घड्याळ बघत नाही. आणि देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही."

पलीकडून नुसती कागदाची सळसळ ऐकू आली. मला वाटलं, जमलं. मग बाईंनी विचारलं, "टिटवीचं पुन्हा एकदा सांगता? मी लिहून घेतेय." आणि हसत म्हणाल्या, "काका, त्या माळावर सगळी पाखरं जमिनीवरच अंडी घालतात. शेळ्या आणि मोटरसायकलींपासून ती राखायची, हेच तर काम आहे. अशी शिफारस आजवर कुणी केली नव्हती."

नेमणुकीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. या वेळी मी चहापर्यंत थांबू शकलो नाही. तो दारात आला तसाच प्रिंट त्याच्या हातात दिला. त्यानं ते दोनदा वाचलं, सहीशिक्क्यावरून बोट फिरवलं आणि स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला. "आईला दावाया पायजे व्हतं," म्हणाला. नंतर माझा हात धरून म्हणाला, "बाईंनी पत्रात लिवलंय बघ. शेठ, तुझ्या शबुदावर लागलं हे. माझ्यासाठी लई बोललास राव." मी मशीनमध्ये कागद अडकला नसताना तो काढायला वाकलो.

निघण्यापूर्वी त्यानं माझ्याकडून एक शेवटचा अर्ज टाइप करून घेतला. प्रति, श्री वनदेव. विषय : रजा मिळणेबाबत. आण्याच्या माळावर काम लागल्यामुळे हजर राहता येत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती. खाली त्याची सही, आणि "मार्फत" म्हणून माझी. तो कागद त्यानं राईत देवासमोर दगडाखाली ठेवला. मला म्हणाला, "उन्हाळ्यात येकडाव वर जा. पट्टा झाडाया गावातली येत्यात, मी सांगून ठेवलंय. तू निस्ता उभा ऱ्हा. कुणी उभं असलं की काम व्हतंय."

त्याप्रमाणे या उन्हाळ्यात मी गेलो. चढावर चारदा बसलो, पण गेलो. पट्टा झाडून झाला, मंडळी खाली उतरली आणि मी राईत एकटाच मागं राहिलो. दगडाखालच्या अर्जाचा वाळवीनं भुगा केला होता. मी त्याचा अर्थ रजा मंजूर असा घेतला. आयुष्यात मी असलं काही केलेलं नाही, पण त्या दिवशी दोन फुलं ओली करून दगडाला चिकटवली. मोठ्यानं सांगितलं, की मी त्याची शिफारस केली नव्हती, त्याला अडवायला गेलो होतो. आता हे त्याला सांगू का? आणि समोर बसून राहिलो. वर कुठंतरी शेकरू ओरडत होतं. दोन तास मी न बोलता बसलो, त्या पाहुण्यांसारखा, पायाला मुंग्या येईपर्यंत. खालच्या गाडीची वेळ झाली, तरी दोन्ही फुलं होती तिथंच होती.

डिंभ्याच्या फाट्यावर रेंज आली आणि लगेच त्याचा फोन आला. सकाळपासून लावत होता. "शेठ, हितं झाड म्हणशील तर नावाला न्हाई. पण आज टिटवीची चार अंडी घावली. भवतीनं दगडाचं रिंगण केलंय. आता उभं ऱ्हायाची नोकरी हाय बघ मला, कुणी हाकलत न्हाई." वारा इतका होता की मधले शब्द तुटत होते. माळावर त्याला दिवसेंदिवस माणूस दिसत नाही, हे त्यानं हसत हसत सांगितलं. मग राईचं विचारलं, पट्ट्याचं विचारलं, झऱ्याचं विचारलं. मी सगळं नीट सांगितलं.

"बाकी काय?" तो म्हणाला.

"बाकी काही नाही," मी म्हणालो. त्यानं फोन ठेवला, तरी मी गाडी येईपर्यंत तो तसाच कानाशी धरून उभा होतो.