गवतात आडवं पडून काढलेला फोटो

मंडळी, आज सकाळची गोष्ट. पाऊस उघडून शरदाचं कोवळं ऊन पडलं, म्हणून कॅमेरा घेऊन तंजावूरबाहेर कालव्याकाठी फिरायला गेले. अमेरिकेतल्या मुलाने हा डिजिटल कॅमेरा पाठवल्यापासून मी उभ्याउभ्या तेच टिपते: पाणी, भातशेत, आभाळ. "आई, जरा वेगळी चौकट शोध ना," असं त्याने कालच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं.

म्हणून आज सरळ ओल्या गवतात आडवी झाले. पात्यांवरचे थेंब एकदम मोठे दिसले, मागे भाताची हिरवी रोपं. श्वास रोखून बटण दाबलं.

तेवढ्यात गवत कापणारी एक बाई विळा टाकून धावत आली. "अम्मा, काय झालं? चक्कर आली का?" ती तमिळमध्ये ओरडली. तिने मला उठवून बसवलं, पदराने माझं कपाळ पुसलं आणि हात घट्ट धरून ठेवला.

"काही नाही गं, फोटो काढत होते," एवढंच सांगायचं होतं. पण मी तिचा हात धरून तशीच बसून राहिले. आमचे हे गेल्याला वर्ष झालं. तेव्हापासून माझा हात कुणी असा धरला नव्हता.

फोटो छान आलाय. मुलाला पाठवलासुद्धा. त्या बाईबद्दल मात्र त्याला लिहवेना. तुम्ही लिहिलं असतं का?