डब्यांखालच्या बातम्या

सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभं राहिलं की एका हाताला च्युइंगम असायचं आणि दुसऱ्या हाताला भयंकर बातम्या. तारेच्या स्टँडवर साप्ताहिकं लावलेली, पहिल्या पानावर वीतभर उंचीची काळी अक्षरं. कुठे परग्रहावरच्या पाहुण्याने एका विधवेशी लग्न लावलेलं, कुठे वासराची दोन डोकी एकमेकांशी भांडत असलेली, कुठे बाळ जन्मतःच बोलायला लागून बापाची लफडी सांगत सुटलेलं. सोबत फोटो, आणि फोटोतली माणसं कायम आ वासलेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन शिकागोजवळ राहायला आले. दूध आणि ब्रेड सरकत्या पट्ट्यावर ठेवता ठेवता मी हे सगळं वाचून काढायची.

नवरा म्हणायचा, “अगं, सगळं फेक असतं. तू वाचतेस कशाला?” तो इंजिनिअर. ज्याचं ड्रॉइंग नाही ती वस्तू त्याच्या लेखी नाहीच. खोटं असतं हे मलाही कळत होतं. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेलं होतं. पण माहेरी वडील सकाळी मोठ्याने पेपर वाचायचे आणि कुणी शंका काढली तर म्हणायचे, “छापून आलंय.” त्यावर अपील नसायचं. त्यामुळे ते वासरू खोटं आहे हे डोक्याला पटलं तरी पोटाला पटत नसे. त्यातून माझा स्वभाव संशयी. दूधवाल्याने माप जरा जास्त घातलं तरी, आज याचा काय बेत आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

मुलगी सात महिन्यांची झाली आणि मला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. अर्ज लिहून लिहून आशा सोडल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. आईला व्हिसा मिळत नव्हता, सासूबाईंना थंडी सोसणारी नव्हती. उरली आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी. एकटी, विधवा, उंच, घाऱ्या डोळ्यांची, विचारलं तेवढंच बोलणारी. तिने मुलीला सांभाळलं तर नोकरी, नाही तर पुन्हा घर आणि खिडकीतला बर्फ. म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. ठरवून ठेवलेला विश्वास फार दिवस टिकत नाही.

म्हातारी त्या साप्ताहिकांची पक्की वाचक निघाली. एका शुक्रवारी वाचून झालेला गठ्ठा ती कचऱ्यात टाकायला निघालेली पाहून माझा जीव कळवळला. चांगली कोरडी रद्दी, आणि ही बाई फेकते? मी तो मागून घेतला आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवर अंथरला. फळीवर पेपर घातल्याशिवाय डबा ठेवायचा नसतो, हे आमच्याकडे चालत आलेलं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती मला गठ्ठा देऊ लागली. हळदीच्या डब्याखाली वासरू आलं, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या तूरडाळीखाली परग्रहावरचा नवरदेव. आणि साखरेचा डबा उचलला की खाली एक हसऱ्या चेहऱ्याची, चष्मा लावलेली बाई दिसायची. तिच्या डोक्यावर अक्षरं होती: गोड आजीबाईचं काळं गुपित! सांभाळायला आलेली बाळं विकली!

मी रोज सकाळी चहात साखर घालायची, आणि मग मुलीला घेऊन खाली जायची.

निघताना आणखी एक काम असायचं. आईने घरी धरलेलं काजळ तुपात खलून, चांदीच्या डबीत भरून पार्सलने पाठवलं होतं. त्याची तीट मी मुलीच्या डाव्या तळपायाला लावायची. कपाळाला किंवा गालाला लावली असती तर सगळ्या अमेरिकेने विचारलं असतं. तळपाय बरा, मोज्याच्या आत झाकतो. पण लंगोट बदलताना मोजा निघाला असावा, कारण पहिल्याच आठवड्यात म्हातारीने विचारलं, “तिच्या पायाला ते काय आहे?”

लॅबमध्ये जंतू मोजणारी बाई दृष्ट लागू नये म्हणून पोरीला काजळ फासते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी हसले आणि म्हणाले, “काही नाही, घाण लागली असेल.”

तिने मोजा परत चढवला. मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी मुलगी घरी आली की तळपाय लख्ख पुसलेला असायचा. रोज. म्हणजे रोज ही बाई मोजा काढून पाय बघत होती. शिकागोच्या थंडीत, कशासाठी? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेना. रविवारी डेव्हनवर भेटणाऱ्या एका काकूंना सांगितलं, तर त्या वांगी निवडता निवडता म्हणाल्या, “अगं, इथे कुणाचा भरवसा धरू नकोस. ही माणसं वरून गोड असतात.” म्हातारी तर वरूनही गोड नव्हती.

पुढच्या गठ्ठ्यात एका अंकाला पहिलं पानच नव्हतं. कात्रीने सरळ रेषेत कापून घेतलेलं. मी ते नवऱ्याला दाखवलं. “कूपन असेल गं,” तो म्हणाला. पहिल्या पानावर कुठे कूपन असतं? मग एका संध्याकाळी तिच्या ॲप्रनच्या खिशातून फोटोचा पांढरा कोपरा डोकावताना दिसला. लगेच बाहेर येतात ना, तसल्या कॅमेऱ्यातला फोटो. मी बघतेय हे लक्षात येताच तिने तो बोटाने आत ढकलला. घरी आल्यावर मी सगळे डबे खाली उतरवून फळ्यांवरचे कागद वाचायला बसले. एका पानाच्या तळाशी सापडलं: तुमच्याकडे अद्भुत फोटो आहे? आम्हाला पाठवा! काळ्या डागाचं भारतीय बाळ. मथळासुद्धा मला दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न सांगता तिच्या दारात गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सोफ्यावर मुलगी उताणी, एक पाय उघडा, आणि म्हातारी कॅमेरा घेऊन वाकलेली. टेबलावर ओळीने फोटो मांडलेले. प्रत्येकात तोच इवलासा तळपाय, तोच काळा ठिपका. शेजारी ते कापलेलं पान: सैतानाच्या पंथाची गुप्त खूण! तुमच्या शेजारचं बाळ तपासा!

“कुठल्या पेपरला पाठवणार आहात हे?” मी ओरडले.

म्हातारी सरळ उभी राहिली, पण बाजूला झाली नाही. माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये उभी राहिली. “आधी मला सांग,” ती म्हणाली, “रोज सकाळी हिच्या पायावर खूण कोण करतं? घाण रोज त्याच जागी लागत नाही. तू माझ्याशी खोटं बोललीस. मी सोमवारी काउंटीच्या बालसंरक्षण खात्याला फोन करणार होते.”

त्या फोनने काय झालं असतं, हे मला तत्क्षणी कळलं. माझ्याच मुलीच्या बाबतीत मला परक्या माणसांना उत्तरं द्यावी लागली असती, आणि तेवढ्या वेळात ती कुणाच्या घरी असती देव जाणे. मी पर्समधून डबी काढली आणि बोटाने स्वतःच्या तळहातावर ठिपका काढून तिच्यापुढे धरला. “काजळ आहे. माझी आई लावायची, तिची आई लावायची. वाईट नजर लागू नये म्हणून.”

“कुणाची?”

मी तिच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

ती सोफ्यावर मुलीशेजारी बसली. मुलीचा पाय तिने हातात घेतला. मग म्हणाली, “मी रोज पुसत होते. तिला काही होऊ नये म्हणून.”

मला रडू आलं. सकाळी मी लावत होते आणि दुपारी ती पुसत होती, आणि दोघींनाही वाटत होतं की पोर आपल्यामुळे सुखरूप आहे. मुलगी शाळेत जाईपर्यंत तिच्याचकडे राहिली. तीट मी लावत राहिले आणि म्हातारीने पुन्हा कधी ती पुसली नाही.

त्या दिवशी निघताना तिने सगळे फोटो माझ्या हातात दिले. वर गेल्यावर मी ते उलटवून पाहिले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने बारीक अक्षरात तारीख आणि एखादी ओळ होती. वजन वाढतंय. अंगावर कुठे वळ नाही. आज खूण जरा मोठी. सगळ्यांत वरच्यावर लिहिलं होतं: बाळ हसरं आहे. आई आली की झेपावतं. कदाचित मी चुकत असेन.

मी साखरेचा डबा उचलला आणि त्याच्याखालचा कागद काढून टाकला. इतक्या महिन्यांत म्हातारीबद्दल आपण चुकत असू, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.