बँकेची जीप आणि लीलावहिनींचं माहेर

आमच्या शेजारचे नाथाजी हवालदार फौजेत बावीस वर्षं गाडी चालवून कोरेगावला परत आले, पण फौज काही त्यांच्यातून बाहेर पडली नाही. घरची म्हैससुद्धा ते शिट्टी मारून उठवायचे. म्हैस उठायची, हे विशेष.

शहात्तर साली त्यांनी जुनी जीप घ्यायची ठरवली. थोडे पैसे गाठीचे, बाकी बँकेचं कर्ज. साताऱ्याला सोबत मला नेलं, कारण माझं तोंड फार चालतं असा त्यांचा समज होता.

विम्याच्या एजंटानं नीट समजावलं. थर्ड पार्टी घेतला तर समोरच्याचं नुकसान कंपनी भरणार, आपली जीप आपण बघायची. फुल विमा घेतला तर जीपचंही कंपनी बघणार, पण पैसे जास्त. हवालदारांनी स्वस्तातला मागितला. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, म्हणाले. मी म्हटलं, फौजेत रस्त्यात आपल्या गावच्या केरबाच्या म्हशी बसत नव्हत्या. शेवटी बँकेच्या साहेबांनीच निकाल लावला. कर्ज फिटेपर्यंत जीप आमच्याकडं तारण, तेव्हा विमा फुलच हवा, आणि आर.सी. बुकावर बँकेचं नावही चढणार.

घोळ झाला तो इथंच. बुकावर बँकेचं नाव, बँक सरकारी, म्हणजे जीपही सरकारी, असं हवालदारांनी धरलं. आणि सरकारी गाडीत बायकोला बसवायचं नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. फौजेतल्यासारखं रोज लॉगबुक भरायला लागले: कुठून कुठं, काम काय, अधिकाऱ्याची सही. जीपमधून खत गेलं, आल्याची पोती गेली, एकदा केरबाचं आजारी रेडकूही दवाखान्यात जाऊन आलं. बायको, म्हणजे लीलावहिनी, मात्र एस.टी.नं.

अशात वडूजला वहिनींच्या भाचीचं लग्न निघालं. वहिनींच्या भावानं आधीच चारचौघांत विचारलं होतं, दाजींची जीप खरंच हाय का नुसतं सांगायला हाय? आता एस.टी.तून उतरल्या असत्या तर त्याला टोमणे मारायला जन्मभर पुरलं असतं. हवालदार ढिम्म. तीन वर्षांनी कर्ज फिटल्यावर बसा, म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी वहिनींनी विम्याचा कागद माझ्यापुढं धरला. मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. माझा हात तेवढाच.

सकाळी हवालदार जीप पुसत होते. वहिनी नवं लुगडं नेसून समोर उभ्या राहिल्या.

"आवं, ह्या कागदात मालक कोण लिवलाय?"

"मी. इमा माज्याच नावावर हाय."

"बँकेच्या सायबानं मला बसवू नगा म्हणून सांगितलंय?"

"न्हाई."

"मग म्हशीला धडकली तर जीप तुमची, आन् मी बसाय लागले की बँकेची व्हय?"

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी घराची कौलं मोजू लागलो.

बराच वेळ फडकं एकाच जागी फिरत राहिलं. मग त्यांनी लॉगबुक काढून लिहिलं: कोरेगाव ते वडूज, काम लग्नाचं. अधिकाऱ्याच्या सहीची जागा दरवेळी कोरीच राहायची. तिथं बोट ठेवून त्यांनी पेन वहिनींपुढं धरलं. वहिनींनी एकेक अक्षर जुळवत सावकाश सही केली, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मी मागं बसायला गेलो, तर हवालदार म्हणाले, "तुमची सही कुठाय?"