सारांशातली पहिली ओळ

दुसऱ्यांचं इंग्रजी नीट करणं हा माझा धंदा. स्कारबरोच्या आमच्या कॉन्डोत डायनिंग टेबलावर बसून करते. आमच्याच मजल्यावर एक तुर्की बाई राहायची, वर्षभरासाठी इथल्या विद्यापीठात संशोधनाला आलेली. मला ती ‘आब्ला’ म्हणायची, म्हणजे ताई.

मार्चमध्ये एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली. तिच्या गावच्या विद्यापीठात जागा निघाली होती. महिनाअखेरपर्यंत तिचा एक लेख संशोधनाच्या नियतकालिकात स्वीकारला गेला तरच अर्ज करता येणार होता. इथे तिला आणखी दोन वर्षं मिळत होती, पण तिकडे आई एकटी आणि गुडघ्यांनी अधू, म्हणून तिला गावचीच जागा हवी होती. लेख तुर्कीत होता. त्यावर दोन सारांश लागायचे, एक तुर्की, एक इंग्रजी. मी इंग्रजीवर हात फिरवायचा होता.

वाचायला घेतलं. कुटुंब हा समाजाचा पाया आहे. आजारपण कोणाला चुकलेलं नाही. मग अभ्यासाचा हेतू, मग पद्धत, आणि शेवटी ‘निष्कर्षांची चर्चा करून सूचना केल्या आहेत’. संपलं!

“अगं, पण सापडलं काय तुला?”

“ते आत आहे, आब्ला. वाचेल त्याला मिळेल.”

“ही काय लग्नपत्रिका आहे? जेवायला या, काय आहे ते आल्यावर कळेल?”

ती खूप हसली. म्हणाली, “आमचे सर सांगायचे, दारातच आपला माल ओरडून विकू नये.” मला गंमत वाटली. मी तिच्याकडून इतरांचे आणखी आठ-दहा तुर्की सारांश अर्थासकट वाचून घेतले. सगळे आधी जगाची विचारपूस करणार, मग हळूच स्वतःचं सांगणार, तेही अर्धंच. हसता हसता मला माझा पुण्यातला प्रबंध आठवला: ‘अल्पसा प्रयत्न केला आहे’. आपलं ठेवायचं झाकून, दुसरं काय!

खोदून विचारल्यावर ती बोलली. तिकडे इस्पितळात पेशंटपाशी घरातलं कोणीतरी राहायचंच असतं. लेखासाठी अशा सोबतीला राहणाऱ्या बायकांशी ती बोलली होती. बऱ्याच जणी लेकी होत्या, नोकरी सोडून आलेल्या, आणि सोडशील का असं त्यांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी समाजाचा पाया उडवला आणि हेच पहिल्या ओळीत घातलं. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

आठवड्याने नियतकालिकाकडून लेख परत आला. दोन सारांश जुळत नाहीत, इंग्रजीत आहे ते तुर्कीत नाही, तीन दिवसांत दुरुस्त करा. ते जुळावे लागतात का, एवढंही मी विचारलं नव्हतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! पण इथे बैल तिचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जुनं इंग्रजी आहे माझ्याकडे. तेच पाठव. चूक माझी आहे.”

“नको,” ती म्हणाली. “इंग्रजीत मी काहीही म्हणू शकते. तुर्कीत माझे सर वाचतात. आता तिथेच म्हणायचं.”

तुर्की सारांशाची पहिली ओळ लिहायला तिला तासभर लागला. लिहायची, खोडायची. मी दोनदा चहा केला आणि गप्प बसले, जे मला जमत नाही.

पाठवण्याआधी तिने आईला फोन लावला आणि नवा सारांश वाचून दाखवला. फोन ठेवला आणि न पाठवताच लॅपटॉप मिटला.

“काय झालं गं?”

“माझ्या लेखातलं आईला आजवर काही कळलं नव्हतं. आज सगळं कळलं. म्हणाली, ‘मग तू काय सोडून येतेयस? आणि तू यावंस का, हे मला कोणी विचारलं?’”

लेख तिने पाठवला. तो स्वीकारला गेला, तिने अर्ज केला, जागाही मिळाली. आईने मात्र पुढे महिनाभर तिचा फोन उचलला नाही.