डोळा मारा

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत आपलेही पान मांडावे, एवढा माझा वकूब नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. नोकरीभर मुलांना व्याकरण शिकवले. स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस मात्र निवृत्तीनंतर, तेही चाचरतच करतो आहे. त्यातून विषय एका संकेतस्थळाचा. वाचकांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची पत्नी, वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याला राहते. काकांच्या मागे तिला त्यांचे निवृत्तिवेतन मिळते. दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा, एवढीच त्याची अट. मुलगा-सून चांगली आहेत. पण स्वतःच्या गोळ्यांसाठी किंवा लेकीच्या चोळीबांगडीसाठी आपल्याला कोणाकडे मागावे लागत नाही, याचा तिला मोठा अभिमान. यंदा तो दाखला संकेतस्थळावरूनच द्यावा, असे कार्यालयाने कळवले. घरात शिकलेला म्हणून मला बोलावणे आले आणि मी मालेगावहून मोटारसायकलने गेलो.

फोटो निघणार म्हणून तिने ठेवणीतले लुगडे नेसले होते. ओसरीवर खुर्ची मांडून ती ताठ बसली.

माझ्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडायलाच बराच वेळ गेला. नाव लिहिले की जन्मतारीख पुसली जाई, जन्मतारीख लिहिली की नाव. ‘पुढे’ हे बटण कळफलकाखाली दडलेले. ते सापडेपर्यंत ‘आपली वेळ संपली आहे’ अशी पाटी येई आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. अखेर कॅमेरा सुरू झाला. पडद्यावरच्या गोलात मोठ्या आईचा चेहरा आला आणि त्याखाली सूचना उमटली: ‘डोळा मारा.’

पापण्या मिटून उघडा, असे त्यांना म्हणायचे असावे. भाषांतर एखाद्या यंत्राने केले असेल आणि नंतर ते कोणी वाचूनही पाहिले नसेल. मी मात्र वर्गातल्या सवयीने ते मोठ्याने वाचून मोकळा झालो. सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

“काय म्हन्ते थे?” मोठ्या आईने विचारले.

मी पुन्हा वाचले. आवाज आपोआप खाली गेला.

“तुह्या काकाले बी कधी मारला नाई रे मी,” ती म्हणाली. “आता या डब्ब्याले मारू?”

सगळेच हसलो, तीही हसली. मग मी अर्थ समजावून सांगितला आणि तिने डोळे मिटले. म्हणजे डावा तेवढा मिटला. मागे तिच्या चेहऱ्यावरून वारे गेले, तेव्हापासून उजवी पापणी खाली येत नाही. झोपताना ती त्या डोळ्यावर मऊ फडके बांधते. शब्दशः पाहिले, तर सूचनेचे पालन तिने चोख केले होते. संकेतस्थळाला मात्र दोन्ही डोळे हवे होते. लाल अक्षरे आली: ‘जिवंत व्यक्ती आढळली नाही.’

तिने बोटाने पापणी ओढून धरली, तर ‘चेहऱ्यावरील हात काढा.’ सुनेने खुर्ची उजेडाकडे फिरवली. चष्मा घालून पाहिला, काढून पाहिला. पुन्हा तीच लाल अक्षरे. हसणे केव्हाच थांबले होते.

“मी जिती हाये का नाई, एवढंच पुसून राह्यलं ना थे?”

मी मान हलवली.

“मंग तूच सांग ना त्याले. तू त शिकेल हायेस.”

सांगण्याची सोय मी शोधली. ‘तक्रार’ नावाचे एक पान होते. पण तक्रार नोंदवण्याआधी तिथे यंदाच्या दाखल्याचा क्रमांक भरावा लागतो, आणि तो क्रमांक दाखला निघाल्यावरच मिळतो. मग एक दिवस तिला घेऊन वाशिमच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, तब्येतीची चौकशीही केली. आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की, समोर बसलेल्या बाई हयात आहेत, असे लिहायला आता त्यांच्याकडे जागाच उरलेली नाही. जे काही करायचे ते संकेतस्थळावरच. ते खोटे बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. भांडायचे तरी कोणाशी? मी आभार मानले आणि तिला हाताला धरून जिना उतरवला.

या महिन्याचे निवृत्तिवेतन आले नाही. मुलाने पैसे पुढे केले, तेव्हा “येतीन ना माहे” म्हणून तिने ते परत केले. ती आता गोळ्या एक दिवसाआड घेते, असे सुनेने मला फोनवर हळूच सांगितले. मी रोज सकाळी ते संकेतस्थळ उघडतो, काही दुरुस्ती झाली असेल या आशेने, आणि बंद करतो. मोठ्या आईला फोन करायचे मात्र टाळतो. ती दाखल्याचेच विचारील.

वाचकहो, ज्याचा एक डोळा मिटत नाही अशा माणसाचा हयातीचा दाखला तुमच्यापैकी कोणाला काढून मिळाला असेल, तर तो कसा मिळाला, एवढे मला सांगाल का?